टोपलीचा दुसरा काठ

देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. तिरोड्याचा बाजार उठत आला होता. शामकला उरलेली भाजी आवरत होती, तोच एका तरण्या माणसाचा पाय थेट तिच्या शेवग्याच्या पाल्यात पडला.

"काऊन जी भाऊ, डोये घरी ठेऊन आले का?"

तो हसला नाही. हात पुढं करून चाचपडत राहिला. "तसंच समज बाई... दिस बुडाला का मले काहीच दिसत नाही."

जागेश्वर त्याचं नाव, धानाच्या गिरणीत मापारी. आज मापं लांबली आणि उशीर झाला. तिनं आपली टोपली पुढं केली. "एक काठ तुम्ही धरा, दुसरा मी."

वाटेत तिनं विचारलं, "खाता काय जी?"

"गिरणीचा पांढरा भात. आलूचा रस्सा."

"अन् पाला?"

"एकट्या माणसानं पाला कायले निवडावा?"

"मंग आमी बाजार कोणासाठी भरवतो? पाल्यानं डोये सुधरते जी. या पुढच्या बाजारी!"

तो आला. मग दर बाजारी भरदुपारी येऊ लागला. शेवग्याचा पाला, लाल माठ, पिवळंधम्मक कोहळं... ती वेचून त्याच्या पिशवीत घाली.

"शिजवून पाणी फेकसान त पाहा, भाऊ!"

"भाऊ म्हणणं सोड. मंग पाणीबी पिईन."

"मंग काय म्हणू?"

तो नुसता बघत राही. दुपारच्या उजेडात त्याला सगळं दिसे, आणि तिला ते कळे.

पण घरी उदारामनं, तिच्या बापानं, सांगून टाकलं होतं. दिवाळी झाली की पोरीचं लग्न ठरवायचं. शामकलानं हे सांगितलं तेव्हा जागेश्वरचा चेहरा उतरला.

"दिवेलागणीले तुहं तोंड दिसन, तवाच तुह्या बापापुढं येईन. रातांधळ्याले पोरगी कोण देईन?"

"अन् नाहीच दिसलं त—"

त्यानं पिशवी उचलली आणि उजेड होता तोवर वाट धरली.

दिवाळीआधीचा शेवटचा बाजार. दुपार गेली, तो आलाच नाही. सूर्य बुडाला, शेजारणींच्या रॉकेलच्या चिमण्या पेटल्या. शामकलानं मात्र आपली चिमणी मुद्दाम लावली नाही.

आणि मग तो दिसला. मिरच्यांचा ढीग चुकवत, वांग्यांना वळसा घालत, हात खाली सोडून... सरळ तिच्याकडंच. समोर येऊन थांबला, थोडा वाकला.

"टिकली वाकडी हाय तुही."

दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी उचलून नेला. ती हसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. टिकली आणखीच वाकडी झाली.

"चाल, तुहे बाबाजी घरी असतीन," तो म्हणाला आणि खाली वाकून टोपलीचा दुसरा काठ धरला.

"आता त दिसते ना? मंग टोपली कायले धरली?"

"सवय पडली."

भाऊ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

"चला..." ती हळूच म्हणाली, "चला जी."