अब्बांचा स्कॅन

माणूस गेला की त्याचा स्कॅन उघडायचा नाही, सरळ मिटवायचा. का, ते विचारायचं नाही. गंगापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत इन्शा रुजू झाली त्याच दिवशी शेखर सरांनी हा नियम सांगितला होता, आणि तो 'का' गिळावा लागला म्हणून ती कितीतरी दिवस धुसफुसत होती.

आता मिटवायचा स्कॅन तिच्या अब्बांचा होता. येवल्यात पैठणी विणणाऱ्या इनायतभाईंचा उजवा हात पक्षाघाताच्या झटक्यानं लुळा पडला, तेव्हा तिनंच त्यांना इथल्या मेंदूच्या अभ्यासासाठी आणलं होतं. आधी स्कॅनमध्ये हात हलवणारी जागा शोधायची, मग डोक्यावर कॉइल धरून तिथे चुंबकाचा ठोका द्यायचा. टक्. निर्जीव अंगठा उडायचा. अब्बा हसायचे, "बेटा, आत माग चालूच आहे की."

थंडीत ते गेले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर इन्शानं तो स्कॅन उघडला. फक्त एकदा बघायचं होतं. करड्या घड्या, त्यात हाताचा तो ठिपका. माणूस जातो, मग हे काय उरतं? खुर्चीत बसून तिनं स्कॅन डोक्याशी जुळवणाऱ्या यंत्राची कांडी स्वतःच्या नाकाला आणि कानांना टेकवली. एकाच्या मेंदूचा नकाशा दुसऱ्याच्या डोक्याला जुळत नाही. पडदा लाल व्हायला हवा होता.

हिरवा झाला.

कुठूनतरी रेशमाचा ओलसर वास आला. तिनं डाव्या हातानं कॉइल डोक्याला लावली, पायाखालचं बटण दाबलं. टक्... उजव्या हाताची चिमूट झाली. तुटलेला धागा जोडताना अब्बा द्यायचे तसा पीळ बोटांनी हवेतच दिला. तिला तर त्यांनी मागावर कधी बसूच दिलं नव्हतं.

यंत्र बंद करून ती उठली. बोटं थांबली नाहीत.

दारात शेखर सर आणि त्यांची बायको, प्रयोगशाळेतल्याच योगिनी मॅडम, उभे होते.

"उघडलास ना," सर हळूच म्हणाले. "मिटव... लगेच."

"ऐक गं," मॅडम कुजबुजल्या. "स्कॅन जितका राहील तितका तुझ्या हातात रुळेल तो..."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नियम सांगितलात, कारण नाही." इन्शानं हलणारा हात छातीशी धरला. "मी नाही मिटवणार. माझे अब्बा आहेत. तुम्ही कोणाचा उघडला होतात, सर?"

सरांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला. मॅडमनी तोंड फिरवलं. खिशाचं कापड तेवढं आतून हलत राहिलं, तान्हं मूल मूठ उघडतं-मिटतं तसं.