व्हॉल्यूम वापरात आहे

दुपारची जेवणं उरकली की सासूबाई नातीला घेऊन स्वयंपाकघरात बसत आणि सून बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसे. नोकरी घरूनच. तान्ह्या मुलांच्या पाळण्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा तिची कंपनी विकत असे. त्यामागचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम. चाचणीच्या नावाखाली एक कॅमेरा तिने स्वतःच्याच लेकीच्या पाळण्यावर लावून घेतला होता. पहिलटकरणीचा जीव, निमित्तच हवं होतं.

प्रत्येक पाळण्यासाठी सर्व्हरवर एक कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी बंदिस्त खोलीच. नवी आवृत्ती आली की जुना मोडायचा, नवा उभा करायचा. कंटेनरला स्वतःची आठवण नसते. बाळाचा श्वास, झोप, घरच्यांचे आवाज, सारं बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे साठवणीच्या वेगळ्या कप्प्यात साठतं आणि तो व्हॉल्यूम नव्या कंटेनरला जोडून द्यावा लागतो. ‘बिऱ्हाड बदललं तरी ट्रंक तीच,’ असं टीममधला काका म्हणे. वयाने तिच्याहून लहान, पण टक्कल आणि सल्ले दोन्ही वेळेआधी आलेले.

आज तिच्या लेकीच्या कंटेनरची पाळी होती. जुना मोडला. नव्याला व्हॉल्यूम जोडायला गेली, तर उत्तर आलं: व्हॉल्यूम वापरात आहे.

तिने काकाला फोन लावला.

“मेलेल्या कंटेनरचा हात कधीकधी सुटत नाही,” तो म्हणाला. “ओढून घे.”

“अरे, पण आत अजून काहीतरी लिहिलं जातंय.”

“उरलंसुरलं असेल. सगळ्या आया अशाच घाबरट असतात का गं?”

“तू बाप हो, मग विचार.”

फोन ठेवून ती झोपायच्या खोलीत डोकावली. पाळणा रिकामा. दुपट्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. स्वयंपाकघरातून लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं. परत येऊन तिने व्हॉल्यूममधली ताजी ओळ उघडली.

बाळ झोपेत. श्वास नियमित.

पुन्हा पाहिलं. तीच ओळ, आत्ताची.

तिने आज्ञा दिली आणि व्हॉल्यूम जबरदस्तीने सोडवला. लिहिणं थांबलं.

स्वयंपाकघरातलं खिदळणंही थांबलं.

“अगं, बघ गं इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “ही एकदम कशी गप्प झाली?”

तिने धावत जाऊन लेकीला उचललं. परक्या बाईकडे पाहावं तशी लेक तिच्याकडे पाहत राहिली. मग ओठ काढून रडू लागली, तिला दोन्ही हातांनी ढकलू लागली. आजीकडेही जाईना.

“सोन्या, मी आहे ना. आई.”

“दात येत असतील,” सासूबाई म्हणाल्या. पण पुढे आल्या नाहीत.

लेकीला तशीच कडेवर घेऊन ती लॅपटॉपपाशी आली. एका हाताने व्हॉल्यूम नव्या कंटेनरला जोडला. या वेळी तो मुकाट्याने जोडला गेला. लगेच ओळ उमटली.

बाळ रडतंय.

मग दुसरी.

आईचा आवाज ओळखला.

व्हॉल्यूम जोडल्यापासून ती काहीच बोलली नव्हती. पाळण्याच्या खोलीत कोणी नव्हतं.

बाळ शांत.

कडेवरचं रडणं थांबलं. लेकीचं अंग सैल पडलं. तिने मान वळवून झोपायच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, हसली, आणि कोणी घ्यायला आल्यासारखे दोन्ही हात पुढे केले.