एका हाताची जोडी

हे ऐकीव नाही. कुणाच्या मावशीच्या शेजारणीला आलेला अनुभव नाही. हे माझ्यासमोर घडलंय... समोर कसलं, माझ्या हातून घडलंय. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं, मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण त्या खोलीत त्या दिवशी आम्ही बाराजण होतो, आणि त्यातल्या एकानेही पुन्हा मातीला हात लावलेला नाही.

रात्र नव्हती. लाईट गेले नव्हते. शनिवार होता, दुपारचे साडेचार.

सार्वजनिक सभागृहाच्या तळघरात मी मातीकामाचा वर्ग घ्यायचे. लांबट खोली, सहा विजेची चाकं, भिंतीला फळ्या, आणि छताला लागून बारक्या खिडक्या. त्यातून रस्त्यावरच्या लोकांची फक्त पावलं दिसायची. येणारी मंडळी हौशी. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी स्पर्धा ठेवायचे. दोन मिनिटांत सगळ्यात उंच भांडं कोण ओढतो, न मोजता झाकण कुणाचं बसतं, डोळे बांधून वाडगा कोण करतो. हरणाऱ्याने बादल्या धुवायच्या. आमचे पोस्टमनकाका दर वेळी हरायचे आणि बादल्या धुताना आम्हा सगळ्यांचा उद्धार करायचे.

चिमी माझी नणंद. घरी शिवणकाम करायची. नवरा गेल्यापासून दोन पोरांचं सगळं तिच्या दहा बोटांवर चाललेलं. काय हात होता तिचा! कापड नुसतं अंगाला लावून बघायची आणि कात्री चालवायची, खडूची खूणसुद्धा नाही. वर्गाला यायला ती तयार नव्हती. हात दुखला तर कामं अडतील म्हणायची. मीच हात धुऊन मागे लागले. तिला म्हटलं, जरा हस, जरा माणसांत ये, एका दुपारीने काय आभाळ कोसळणार आहे?

त्या शनिवारी नवी माती आली नव्हती.

जिन्याखाली एक निळं पिंप होतं. झाकणबंद, तीन वर्षांपूर्वीचं.

आता हे सांगायलाच हवं. माझ्याआधी तिथे जुने सर शिकवायचे आणि मी त्यांची मदतनीस होते. तेव्हा आमच्याकडे माती मळायचं मशीन होतं. वरून माती टाकायची, आतली पाती ती मळून काढायची. एका संध्याकाळी सर एकटेच काम करत बसले आणि त्यांची बाही पात्यात गेली. बाहीमागून उजवा हात गेला. कोपरापर्यंत. सकाळी मी दार उघडलं तेव्हा मशीन चालूच होतं... आणि सरांच्या डाव्या हाताने मशीनचं तोंड असं धरून ठेवलं होतं, की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मशीन भंगारात गेलं. आतली माती मी खरवडून काढली. ती फेकून दे, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं.

मी फेकली नाही.

मातीकाम करणाऱ्याच्या हातून माती फेकली जात नाही हो. फुटलेलं, फसलेलं, वाळलेलं, सगळं भिजवायचं आणि पुन्हा मळायचं, हीच आमची रीत. त्यात माती जितकी जुनी मुरते तितकी सरस. रक्त लागलेला भाग मी काढून टाकला होता. जेवढा दिसला तेवढा.

तर त्या शनिवारी मी पिंप उघडलं. माती लोण्यासारखी झाली होती. मळताना एकच गोष्ट खटकली. माती हातात मळली की तिला हाताची ऊब येते. या मातीला येईना. अर्धा तास मळली... तरी गारच.

मी म्हटलं, तळघर आहे, असेल थंडी. बुद्धी फिरली की माणूस स्वतःलाच असली उत्तरं देतो.

त्या दिवसाचा खेळ होता जोडीचा. दोघांनी चाकाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं. दोघांचे डोळे बांधायचे. प्रत्येकाचा एक हात पाठीमागे बांधायचा. एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा, असे उरलेले दोन हात मिळून पाच मिनिटांत एक भांडं करायचं. बोलायचं नाही. समोरच्याचा हात काय म्हणतो ते ओळखून आपला हात चालवायचा.

विद्यार्थी अकरा होते. पाच जोड्या लागल्या आणि चिमी उरली. मी तिच्यासोबत बसते म्हणाले, तर ती म्हणाली, घड्याळ कोण बघणार? मी एकटीच करते, एका हाताने. तिचा डावा हात मीच पाठीमागे बांधला. गाठ घट्ट मारली, ती सोडवून फसवेल म्हणून. तिच्यासमोरचं स्टूल रिकामं होतं.

मी दाराशी जाऊन उभी राहिले. घड्याळ लावलं. सहाही चाकं सुरू झाली.

पहिली दोन मिनिटं नुसता दंगा. पोस्टमनकाकांची माती वाकडी झाली, त्यांच्या जोडीला असलेली दातांची डॉक्टर हसून हसून वाकली. बोलायचं नाही हा नियम कुणी पाळला नाही.

चिमीचं भांडं मात्र वर येत होतं.

सरळ. एकसारखं.

एका हाताने भांड्याची भिंत वर ओढता येत नाही. आतून एक हात लागतो, बाहेरून एक. तिचा हात भांड्याच्या आत होता. बाहेर... बाहेर काहीच नव्हतं. तरी ओल्या मातीवर चार बोटांच्या रेघा खालून वर सरकत होत्या.

मी डोळे चोळले. मग समोरच्या स्टुलाकडे पाहिलं. त्याच्यावरची गादी दबली होती, कुणी बसलं की दबते तशी.

चिमी हसली. तोंड समोर करून, लाडात म्हणाली, "वहिनी, आलीस होय माझ्या जोडीला? हात केवढा गार आहे गं तुझा."

मी दाराशी होते. वीस पावलं लांब.

मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं. तेवढ्यात तिचं हसू थांबलं.

"वहिनी, दाबू नकोस. दुखतंय."

आणि मग... कट.

वाळलेली काडी मोडावी तसा आवाज. एवढ्या दंग्यातही तो मला स्पष्ट ऐकू आला. चिमीने किंकाळी फोडली. मी धावले. तोवर भांड्याचं तोंड तिच्या मनगटाभोवती मिटलं होतं आणि चाक वेगाने फिरायला लागलं होतं. तिचा पाय पेडलवर नव्हता. ती दोन्ही पाय जमिनीला रोवून मागे रेटत होती, मनगट पिळवटत होतं आणि आत एकामागून एक हाडं मोडत होती. कट... कट...

चाकावरून चिखल उडायला लागला. तो लाल होता. बाकीच्यांचे डोळे अजून बांधलेले, त्यांच्या तोंडावर तो उडत होता आणि दोघं-तिघं खेळ समजून हसत होते. एकाने तर ओठावरून जीभ फिरवली. त्याला चव कळली, आणि मग त्या खोलीत हसायला कुणी उरलं नाही.

मी प्लग उपटला. मोटरचा आवाज बंद झाला.

चाक फिरतच राहिलं.

पोस्टमनकाकांनी पट्टी फेकून चिमीला मागून कवेत धरलं आणि ओढलं. धिप्पाड माणूस तो. त्यांच्या छातीवर काहीतरी आदळलं आणि ते उडून मागच्या फळीवर पडले. कपाळ फुटलं. फळीवरची कच्ची भांडी त्यांच्या अंगावर कोसळली. दातांची डॉक्टर त्यांच्याकडे धावली, बाकीचे दाराकडे पळाले. दार आत उघडतं, आणि ते सगळे बाहेर ढकलत होते.

चिमीजवळ मी एकटी.

मी तिच्या डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली. तिने समोर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती एवढंच म्हणत होती, "माझा हात, वहिनी, माझा हात."

मी मातीत बोटं घातली. दगडासारखी घट्ट. तेव्हा मला तार दिसली. भांडं चाकापासून सोडवायला आम्ही ती वापरतो. हातभर स्टीलची तार, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. ती भांड्याच्या बुडाशी घालून ओढली की भांडं चाकावरून सुटतं. मला वाटलं, बुडापासून सुटलं की हात गोळ्यासकट बाहेर येईल.

तार मी बुडाशीच लावली होती. अगदी बुडाशी. माझ्या पोटच्या पोरांची शपथ.

ओढली.

ती वर सरकली. मातीतून सरळ रेषेत न जाता वर चढली आणि कशाला तरी अडली. मी पाय चाकाच्या पत्र्याला टेकवले, दात आवळले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. एक झटका बसला. मी उताणी पडले.

चाक थांबलं.

चिमीचा हात बाहेर आला होता. त्याला फक्त अंगठा होता.

पुढचं डॉक्टरांनी केलं. म्हणजे दातांच्या डॉक्टरने घट्ट पट्टा बांधला, म्हणून चिमी वाचली. बोटं शोधायला मी मातीचा तो गोळा माझ्या हातांनी फोडला. तीन सापडली. चौथं नाही सापडलं. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की हाडांचा भुगा झालाय, ती काही जोडता येणार नाहीत. चौकशीत मशीनचा अपघात असं लिहिलं गेलं. मी प्लग काढल्याचं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने मान वर करून पाहिलं आणि ते वाक्य सोडून दिलं.

घरात मला कुणी दोष दिला नाही. नवरा म्हणाला, तू तार ओढली नसतीस तर अख्खा हात गेला असता. सासूबाईही तेच म्हणाल्या. मीही तेच धरून बसले होते. वाचवलं मी तिला. बोटं गेली, पण वाचवलं. पिंपाची गोष्ट मी चिमीला दवाखान्यातच रडत रडत सांगून टाकली होती. सर, त्यांचा गेलेला हात, माती, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचं शिवणाचं मशीन आता आमच्या पडवीत झाकून ठेवलंय. पोरं आमच्याकडेच असतात.

मागच्या आठवड्यात ती माझ्यासोबत भाजी निवडत बसली होती. डाव्या हाताने, सावकाश. घरात दुसरं कुणी नव्हतं. खाली बघतच तिने विषय काढला.

"वहिनी, रागवू नकोस. पण त्याने माझा हात आधीच सोडला होता. तू तार ओढायच्या आधी. पकड सैल झाली होती, मी हात बाहेर काढतच होते."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलायला वेळ कुठे होता.

मग तिने डाव्या हाताने पुढची काडी उचलली.

"तुझे दोन्ही हात एकाच मुठीवर होते. मी बघत होते. एक टोक धरून तार कापते का गं कधी? त्याला एकच हात होता ना... म्हणून त्याने मला सोडलं. तार धरायला हात मोकळा हवा होता."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, चौकशीत नाही. तार अडली तेव्हा मी एकटी ओढत नव्हते. समोरून ओढ लागली होती. चांगली, सरावाची, कामात मुरलेल्या माणसाची ओढ. त्या गडबडीत मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी मदतीला आलं.

म्हणून तर मी आणखी जोर लावला.