जोडी की एकटा

कळव्याच्या पुलाअलीकडे डॉक्टर सुमेधा चित्रे यांची गाडी बंद पडली ती भर दुपारी. सायकलवरून जाणारा एकजण उतरला, बोनेट उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "संपलं."

"कोण संपलं?" सुमेधा दचकलीच. बाळकुम-माजिवडा या गावांतली बाळंतपणं करणाऱ्या बाईला हा शब्द कसा सोसवणार?

"इंजिन हो, डॉक्टरीणबाई. गाडी अजून वीस वर्षं जाईल."

त्याचं नाव हरिहर. महायुद्धाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता. आता कळव्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. कल्याणच्या लष्करी कॅम्पातल्या लिलावात घेतलेलं जीपचं एक इंजिन त्याच्याकडे पडून होतं. तेच या जुन्या गाडीत बसवायचं ठरलं आणि सुमेधाच्या शनिवारच्या दुपारी कळव्यात जाऊ लागल्या. काम कुठवर आलं ते बघायला जाते, असं ती घरी वडिलांना, नानांना, सांगायची. पहिले दोन शनिवार ते खरंही होतं.

डिसेंबरात इंजिन जागेवर बसलं आणि घोडं अडलं ते कार्बोरेटरपाशी. लिलावातल्या इंजिनाला तो नव्हताच. हरिहरने बाकावर फडकं पसरून माल मांडला. एका बाजूला एकटाच, ठेंगणा, साधा. दुसऱ्या बाजूला शर्यतीच्या गाडीवरून उतरवलेली चकचकीत जोडी.

"हा पेट्रोलमध्ये हवा मिसळतो. इंजिनाचा स्वयंपाकीच म्हणा ना," तो समजावू लागला. "हा एकटा गरीब. पळणार बेताचा, पण कुरकुर नाही. जोडी लावली तर गाडी उडेल... पण दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. एक मागे पडला की इंजिन रुसलं. दर पंधरवड्याला जुळवून घ्यावी लागेल."

"इथे आणून?"

"इथेच. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"मग जोडी," ती इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

जोडी बसली. हवेचा आवाज ऐकायला हरिहर कानाला रबरी नळी लावू लागला, तशी सुमेधाने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. पुढची चकती उतरवून मोकळी नळी कार्बोरेटरपाशी नेली, कानाचं एक टोक स्वतःच्या कानाशी धरलं, दुसरं त्याच्या. त्यासाठी डोकी जवळ आणावी लागली, त्याला इलाज नव्हता.

"उजवा जास्त ओढतोय," ती कुजबुजली.

त्याने स्क्रू केसभर फिरवला. "आता?"

"आता... सारखे."

दोघंही लगेच बाजूला झाली नाहीत. पेट्रोलचा वास इतका बरा असतो, हे तिला वैद्यकीच्या इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती गाडी न्यायला आली तेव्हा बोनेट उघडं होतं आणि आत तो ठेंगणा एकटाच बसला होता.

"जोडी कुठेय?"

"काढली," हरिहर मान वर न करता म्हणाला. "हाच बरा. आता सहा महिने गाडी इकडे आणायला नको."

सुमेधाला भरून आलं आणि त्याच्या दुप्पट रागही आला. "सहा महिने तोंड दाखवू नका, असं सरळ म्हणायचं होतंत. एवढे नट-बोल्ट कशाला पिळलेत?"

त्याच्या हातातला पाना खाली पडला. "अहो, तसं नाही! बुधवारी सकाळी थंडीत जोडी हटून बसली. हँडल मारून मारून खांदे भरून आले. सारखं डोळ्यांसमोर येत होतं – बाळकुमला बाई अडलीय आणि तुम्ही बॅग घेऊन रस्त्यात उभ्या. तुम्ही पंधरवड्याला यावं म्हणून मी कुणाचा जीव टांगणीला लावू?"

सुमेधा स्टुलावर बसली. "म्हणजे, मी यावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"नाहीतर ती जोडी बाकावर मांडलीच कशाला असती?"

तिला मनापासून आनंद झाला आणि त्या आनंदातच लाजही वाटली. "जोडी मी निवडली. डॉक्टर मी, आणि बाळंतिणींचा विचार तुम्ही केलात," ती हळूच म्हणाली. मग पदर सावरून उठली. "उद्या रविवार. चार वाजता आमच्याकडे या. नाना घरी असतात."

"त्यांना काय सांगू? इंजिनाचं..."

"इंजिनाचं अक्षरही काढायचं नाही. मला मागणी घालायला आलात, असं सांगायचं."

हरिहरने फडक्याला हात पुसले, मग तेच हात पुन्हा पुसले. "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मी सोमवारी येईन," सुमेधा म्हणाली. "मंगळवारीही येईन. गाडीला काहीही झालेलं नसताना."