एकशे बारा गायब पानं

प्रकरण निकाली निघाल्याचा ठराव वाचनालयाच्या समितीने पुढे एकमताने मंजूर केला. पण तो ठराव अजून झालाच नाही असं धरून चला. कारण मंगळवारी सकाळी तो खरंच झाला नव्हता आणि ग्रंथपालबाई फोनवर रडत होत्या.

“अगं, बाबांच्या गोष्टी गेल्या. सगळ्या!”

“आले, मावशी,” भाची म्हणाली आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून निघाली.

बाबा म्हणजे भाचीचे आजोबा. अंध वाचकांसाठी त्यांनी एकशे बारा गोष्टी थेट वाचनालयाच्या वेबसाइटवर रेकॉर्ड केल्या होत्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. त्यांचा आवाज आता फक्त तिथेच उरला होता.

वेबसाइट भाचीनेच बांधलेली. प्रत्येकाला वेगळं खातं देणारी प्रणाली घ्या, असं तिने सुचवलं होतं. पण समितीतल्या सातही जणांना मुख्य व्हायचं होतं. रुसवे नकोत म्हणून सर्वांना एकच मुख्य खातं मिळालं आणि पासवर्ड कपाटावर चिकटला. बॅकअपचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. चार वेळा.

वाचनालयात येऊन भाचीने प्रणालीतल्या नोंदी उघडल्या. पहिल्या गोष्टीचं पान सोमवारी अकराला उडालं. मग दर दोन मिनिटांनी एक. एक ते दोन शांतता. दोनला पुन्हा सुरू. प्रत्येक पानामागे कचरापेटीही रिकामी.

“हॅकर असेल?” मावशीने विचारलं.

“जेवायची सुट्टी घेणारा? काल इथे कोण होतं?”

“चिटणीस आले, पेपर तोंडावर घेऊन झोपले. अध्यक्षकाका आतल्या खोलीत होते.”

“काही बिघडलं का काल?”

“छे. प्रिंटरची शाई तेवढी संपली.”

भाची मावशीला घेऊन आत गेली. अध्यक्ष म्हणजे सरकारी दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढलेले गृहस्थ. ते पेन्सिलींना टोक काढत होते.

“काका, काल काय छापलंत?”

“वेबसाइट,” ते अभिमानाने म्हणाले.

“म्हणजे दोन मिनिटं हा तुमच्या प्रिंटरचा एका पानाचा वेळ. पान छापायचं, फायलीला लावायचं, मग मूळ नष्ट. कचरापेटीसकट. एकला डबा. पानं तुम्ही उडवलीत, काका.”

“उडवली काय? निकाली काढली! प्रत फायलीला लागल्यावर मूळ ठेवलं तर दप्तरात गोंधळ होतो. चौतीस वर्षांत माझा एक कागद हरवला नाही, पोरी.”

त्यांनी फाईल पुढे केली. नाडी बांधलेली, पृष्ठांक घातलेले. प्रत्येक पानावर गोष्टीचं नाव आणि खाली छोटा काळा त्रिकोण, जो दाबला की आजोबा बोलायचे.

मावशीने पहिल्या त्रिकोणावर बोट दाबलं. मग जरा जोरात.

“काका, आता आवाज कुठून आणायचा?” भाचीने विचारलं.

अध्यक्षांनी बराच विचार केला. “रीतसर अर्ज दे.”

तिने दिला.

‘प्रति, मा. अध्यक्ष. विषय : फाईल क्र. १ मधील आवाज परत मिळणेबाबत. महोदय, पृष्ठ १ ते ११२ वरील त्रिकोण तातडीने कार्यान्वित करून आजोबांची किमान एक गोष्ट, ती उपलब्ध नसल्यास गोष्टीआधीचं त्यांचं खाकरणं, अर्जदारास एकदा ऐकविण्यात यावे, ही नम्र विनंती.’