काचेतली खालची गल्ली

"नोंदवहीत बारा लिहिलंय!" दुर्बीण ओरडली.

"इथं चारच आहेत!" फळीखालून इंजिनचा आवाज आला.

"अरे, नीट मोज ना!"

"चार म्हणजे चार! पाचवी काय खिशातून काढू?"

दुर्बीण तेरा वर्षांची. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे तिला हे नाव पडलं होतं आणि बारीकसारीक काही नजरेतून सुटत नसल्यामुळे ते टिकलं होतं. इंजिन तिचा धाकटा भाऊ. पळताना धापा टाकायचा, थांबला की खायला मागायचा. सुट्टी लागल्याबरोबर दोघं आत्याकडे आले होते आणि आत्याची आठ वर्षांची पिटुकली त्यांच्या मागे शेपटासारखी फिरत होती.

आत्या गावाचं संग्रहालय सांभाळायची. संग्रहालय म्हणजे नदीकाठच्या दोन खोल्या. पूल नव्हता तेव्हा इथं होडीची तिकिटं मिळायची. खिडकीचं अर्धगोल भोक अजून तसंच होतं आणि लाखो हातांनी घासून त्याची कड गुळगुळीत झाली होती. आत नावाड्यांचे कंदील, बंद पडलेल्या शाळेची हजेरीपुस्तकं, गठ्ठे बांधलेली जुनी पत्रं. वहीत लिहिलेली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते बघायचं आणि आत्याच्या मोबाइलवर तिचा फोटो काढायचा, एवढं काम मुलांकडे होतं.

वहीत स्पष्ट लिहिलं होतं, 'फोटोवाल्यांच्या काचा, पेट्या बारा.'

आत्या आली, फळीकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसली.

"अगं, पूर्वी फोटो काचेवर काढायचे. आपल्या फोटोवाल्यांनी अख्खी खालची गल्ली काचेवर उतरवली होती. नदीला बांध घातला तेव्हा ती गल्ली पाडली. साठ वर्षं झाली. तिथली जी माणसं उरलीत, ती शनिवारी येणार आहेत फोटो बघायला. या चार पेट्यांत काय दाखवू मी त्यांना?"

"चोरी!" इंजिनचे डोळे चमकले. "शंभर टक्के चोरी!"

तेवढ्यात संग्रहालय समितीचे चिटणीस आले. कशालाही 'होईल, होईल' म्हणायची त्यांची सवय, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं होईलकाका.

"पेट्या? असतील हो इथंच! सापडतील, सापडतील!" ते म्हणाले. "गेल्या महिन्यात मी स्वतः उभं राहून ही खोली आवरून घेतली. कशी लख्ख झालीय बघा!" आणि डुलत डुलत बाहेर पडले.

"लख्ख म्हणे!" आत्या पुटपुटली.

दुर्बिणीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती फळीवर नाक टेकवून बघत होती. सगळीकडे धुळीचा जाड थर होता, पण आठ चौकोनांवर नुसती पुसट धूळ. म्हणजे पेट्या जाऊन फार दिवस झाले नव्हते! मागच्या दाराशी हातगाडीच्या चाकाची मातकट रेघ होती आणि पिटुकलीला उंबऱ्याच्या फटीत एक पांढरी प्लास्टिकची पट्टी सापडली.

"टोमॅटो," तिनं वाचलं.

"हे काय, चोर भाजी घेऊन आला होता?" इंजिन म्हणाला.

"बावळटा, अशा पट्ट्या रोपांच्या कुंडीत खोचतात! चला, रोपवाटिकेत!"

रोपवाटिका दोन गल्ल्या पलीकडे होती. मागच्या बाजूला माळीकाकांनी नवंकोरं काचघर उभं केलं होतं. लाकडी चौकटीत वहीएवढ्या काचा एकाशेजारी एक बसवलेल्या. आत शिरताच ऊबदार ओल्या मातीचा वास आला.

पिटुकलीनं वर बघितलं आणि दुर्बिणीचा हात घट्ट धरला.

"ताई, वरून कुणीतरी बघतंय!"

खरंच होतं! उन्हात एका काचेत एक चेहरा तरंगत होता. काळाकुट्ट चेहरा, पांढरेशुभ्र केस.

"भू... भू..." इंजिनची शिट्टी वाजेना.

"भूत नाही रे, निगेटिव्ह आहे ती! उजेड काळा दिसतो, काळोख पांढरा!" दुर्बिणीनं पटकन मोबाइलवर फोटो काढला आणि रंग उलटे करायचं बटण दाबलं.

पडद्यावर एक मुलगी हसली. काळेभोर केस, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिच्या मागे पायऱ्या उतरत नदीकडे जाणारी गल्ली होती. जी गल्ली कुठंच नव्हती, ती दुर्बिणीच्या तळहातावर होती.

"आत्याला फोन कर!" इंजिन म्हणाला.

"आत्याचाच फोन आहे हा!"

बाहेर पाणी उकळत असल्याचा आवाज आला. माळीकाका पिंपात सोडा ओतत होते. शेजारी काचांचा ढीग, हातात तारेचा घासणा.

"काका, काय करताय?"

"काचा धुतोय. ऊनच आत येत नाही, असल्या मळकट! चिटणीस म्हणाले, जुन्या पडून आहेत, घेऊन जा. दोन पेट्या घासून झाल्या, बघ कशा आरशासारख्या निघाल्या!"

दुर्बीण पिंपाच्या आडवी आली. "काका, थांबा! त्यांच्यावर फोटो आहेत!"

"फोटो?" माळीकाका हसले. "डाग आहेत पोरी, डाग. चला, बाजूला व्हा. दुपारपर्यंत सगळ्या उरकायच्यात मला."

मोठी माणसं ऐकत नाहीत म्हटल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुर्बिणीनं क्षणभर विचार केला आणि चेहरा एकदम गोड केला.

"काका, आम्ही देऊ का धुऊन? सुट्टीत नुसता कंटाळा आलाय!"

इंजिन तिच्याकडे वेड लागल्यासारखा बघायला लागला. तिनं त्याच्या पायावर पाय दिला.

"हो, हो! मला धुवायला फार आवडतं!" तो किंचाळला. घरी ताट उचलायला सांगितलं की याच्या पोटात दुखायचं!

माळीकाकांना तेच हवं होतं. "गुणी गं माझी पोरं! पण हात भाजून घेऊ नका, पाणी निवू दे आधी." घासणा ठेवून ते गाडीवर रोपं चढवायला गेले.

"इंजिन, पळ! आत्याला आण! होईलकाकांनाही!"

इंजिन असा सुटला की वाटेतली कोंबडी झाडावर चढली. इकडे दोघींनी पिंपावर झाकण घातलं आणि एकेक काच कडेनं धरून, मध्ये रद्दीचा कागद घालून रचायला सुरुवात केली.

"ज्या बाजूला फोटोचा लेप आहे, तिथं बोट लावू नकोस!"

"ठाऊक आहे मला! आईनं शिकवलंय," पिटुकली फणकारली.

आत्या आली ती अनवाणीच. मागून होईलकाका घामाघूम होऊन.

"अहो, मी काचाच दिल्या!" ते म्हणाले. "इतिहास कुठं दिला?"

घासलेल्या स्वच्छ काचांमधली एक आत्यानं उचलली, उन्हाकडे धरली. पलीकडे नुसतं आभाळ दिसलं.

"हिच्यात कोण होतं, ते आता मला कुणी सांगू शकेल?"

होईलकाकांनी पहिल्यांदाच 'होईल' म्हटलं नाही. त्यांनी मान खाली घातली, बाह्या सरसावल्या आणि माळीकाकांबरोबर शिडीवर चढून छतातल्या काचा स्वतः उतरवल्या. सहा पेट्या वाचल्या होत्या. दोन गेल्या त्या गेल्याच.

शनिवारी संग्रहालयाच्या भिंतीवर खालची गल्ली उभी राहिली. दुर्बिणीनं मोबाइलवर एकेका काचेचे काढलेले फोटो आत्यानं मोठे छापून आणले होते. काठ्या टेकत, एकमेकांना धरत म्हातारी मंडळी आली आणि बघता बघता पोरं झाली.

"अरे ढब्ब्या, हा तूच ना रे?"

"मी नाही, तो माझा भाऊ! मी भिंतीमागे लपलोय, तुझी गोटी घेऊन!"

कोपऱ्यात होडीवाल्यांची आजी खुर्चीवर बसली होती. तिला आता फारसं दिसत नसे. तिनं पिटुकलीला जवळ ओढलं. "माझ्यासमोर काय आहे, सांग बघू."

"पायऱ्यांवर बायका बसल्यात. सात. पहिलीच्या हातात घागर आहे."

"ती कासाराची थोरली. घागर चेपलेली असेल बघ! दुसरी?"

"ती तोंड लपवून हसतेय."

"ती माझी जाऊ. फार हसायची."

दुर्बीण भराभर लिहून घेत होती. भोवती गर्दी जमली. होईलकाका पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती. ही पोरं नसती, तर आज या भिंती अर्ध्याअधिक रिकाम्या असत्या." आत्यानं तिघांनाही एकदम कवेत घेतलं. माळीकाकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि खोली दणाणली.

"पुरे झाल्या टाळ्या!" आजीनं काठी आपटली. "काचा पोरांनी आणल्या, पण नावं माझ्याकडेच आहेत, आणि मी नव्वदीला आलेय! शाबास म्हणते मी तुम्हांला, पोरांनो. आता पेन थांबवू नका. हं, तिसरी कशी दिसते, सांग."

"तिच्या मांडीवर बाळ आहे, आजी. बाळानं हात हलवलाय, म्हणून पुसट आलाय."

"हलवणारच! एक मिनिट शांत बसायचा नाही तो. लिही..."

दुर्बिणीची वही भरली आणि इंजिन, कुणी सांगायच्या आत, दुसरी आणायला धूम पळाला.