काचकाकांचा नमुना

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे माझ्या आतेबहिणीसोबत घडलंय. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो.

रविवार होता. दुपारचे तीन वाजलेले. रात्र नव्हे, लख्ख दुपार!

ताई औषधांवर संशोधन करते. आपण गोळी घेतली की औषध रक्तातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. किती चिकटतं, ते ती एका यंत्रावर मोजते. प्रथिनावर ठरावीक प्रकाश टाकला की ते चमकतं. औषध चिकटलं की चमक कमी होते आणि पडद्यावरची रेघ खाली येते.

यंत्राची खोली तळमजल्यावर. खिडक्यांना काळे पडदे. सुट्टीमुळे इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

त्या दिवशी तिने फ्रीझरमधून काचकाकांची बाटली काढली.

काचकाका म्हणजे प्रयोगशाळेत काच फुंकून नळ्या बनवणारे कारागीर. ताईला "पोरी" म्हणायचे. तिच्या प्रयोगासाठी त्यांनी हौसेने रक्त दिलं होतं. दोन महिन्यांनी ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला.

ताईने मन घट्ट केलं. नमुना यंत्रात ठेवला. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा एक थेंब टाकला.

रेघ खाली आली.

दुसरा थेंब. आणखी खाली. सगळं नेहमीसारखं.

ती आकडा लिहायला वहीकडे वळली आणि...

टप.

तिने मान वर केली.

रेघ वर चढत होती.

म्हणजे चिकटलेलं औषध सुटत होतं. दुसरं एखादं औषध येऊन त्याला ढकलून जागा घेतं, तेव्हा असं होतं. पण तिने दुसरं काही टाकलंच नव्हतं!

टप...

रेघ आणखी वर.

मग फ्रीझरची घरघर थांबली. दिवा चालू, यंत्र चालू... फक्त आवाज गेला.

त्या शांततेत तिच्या मागे कोणीतरी छातीभर श्वास घेतला. आणि हळूहळू सोडला...

फूऽऽऽ...

काच फुंकतात तसा.

मानेला गरम हवा लागली.

वळायची हिंमत होईना. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

काका जायच्या आधीचा आठवडा. गुडघा धरून ते जिन्यात बसले होते. तिनेच पर्समधून दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली. "घ्या हो काका, साधी गोळी आहे. बरं वाटेपर्यंत घेत राहा."

काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात, रक्तस्राव होऊ शकतो. तिने विचारलंच नाही... तिने! जिचं अख्खं कामच हे!

"काका, चुकलं हो माझं..." ती कशीबशी पुटपुटली.

घरघर पुन्हा सुरू झाली. मागे कोणीच नव्हतं.

सोमवारी तिने काकांच्या रक्ताची दुसरी, न उघडलेली बाटली मैत्रिणीकडे तपासायला दिली. कारण सांगितलं नाही. दुपारीच फोन आला.

"अगं, यात दुखण्यावरचं औषध आहे. आणि थोडंथोडकं नाही! कोणाचं रक्त आहे हे?"

ते रक्त काढलं, तेव्हा काकांनी त्या पट्टीतली एकही गोळी घेतली नव्हती. पट्टी त्यांना मिळाली, ती त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी.

संध्याकाळी ती काचकाकांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे गेली. सगळं सांगितलं. रडली.

काकू चिडल्या नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाल्या,

"अजून घेतायत म्हणजे... गुडघा अजून दुखतोय का गं त्यांचा?"



उरलेली बाटली आजही फ्रीझरमध्ये आहे. फेकायला तिचा हात धजत नाही.

आणि पुन्हा तपासायलाही...